माद्रिदमध्ये खरेदी कुठे करायची? (३ ते ८ जानेवारी, सोबत सासूबाई)

मृण्मयी_७८
नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरपासून माद्रिदला मास्टर्स करतेय, तिला भेटायला मी आणि सासूबाई (वय ६९, गुडघे बरे, उत्साह माझ्यापेक्षा जास्त) चाललोय. नवऱ्याला सुट्टी नाही. शनिवारी ३ जानेवारीला दुपारी पोचतोय आणि गुरुवारी ८ ला संध्याकाळी दोहामार्गे परत. राहणार सोलच्या (शहराच्या मधोमधचा चौक) जवळ. म्युझियमं, राजवाडा वगैरेचं लेकीने ठरवलंय, मला फक्त खरेदीबद्दल विचारायचंय कारण लेकीला विचारलं तर म्हणते, "आई मी इथे फक्त मेर्कादोना सुपरमार्केटात जाते आणि उरलेलं ऑनलाइन मागवते." धन्य.

जाताना दोन्ही बॅगा लाडू, चकल्या, मेतकूट, गोडा मसाला याने भरलेल्या असणार, म्हणजे येताना रिकाम्या. बजेट सगळं मिळून साधारण ६०० युरो. यादी अशी: ऑफिस आणि सोसायटी धरून १२-१४ जणांना छोट्या भेटी, भाच्याला रेआल माद्रिदचा टीशर्ट, मला एक चांगले बूट, आणि सासूबाईंना "तिथलं खास, जे लक्ष्मी रोडला मिळत नाही असं काहीतरी". काय ते त्यांनाही माहीत नाही. की चेन, मॅग्नेट, बैलाची बाहुली नको. कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

भटकंतीवाला
पहिला नंबर माझा. सोलला राहताय म्हणजे अर्धं काम झालंच. सोलमधून काय्याओ चौकाकडे जाणारा प्रेसियादोस हा पायी रस्ता, दोन्ही बाजूंनी नुसती दुकानं, तो संपला की ग्रान व्हिया लागतो. ग्रान व्हिया ३२ नंबरला प्रायमार्कचं अवाढव्य दुकान आहे, जुन्या बिल्डिंगमध्ये, मधोमध वर काचेचा घुमट, काही नाही घेतलं तरी बघून या. सरळ चालत गेलात की प्लाझा दे एस्पान्याला झाराचं पण भलंमोठं. झारा त्यांचीच, त्यामुळे भारतापेक्षा बरंच स्वस्त पडतं. काय्याओला एल कोर्ते इंग्लेसच्या नवव्या मजल्यावर खायचे स्टॉल आहेत, तिथल्या खिडकीतून ग्रान व्हियाचा फोटो काढायचा, फुकट. पाय दुखले की आम्ही तिथेच जाऊन बसायचो.
श्रीमंती बघायची असेल तर सालामांका भाग, सेर्रानो स्ट्रीट. फक्त बघायची हं. आणि एक दिवस काढून लास रोसास व्हिलेजला जा, आउटलेट आहे, मोंक्लोआवरून बस मिळते.

चिंगी
वाचतेय. आम्ही पण मे मध्ये चाललोय.

लावापिएसकर
मृण्मयीताई, सात वर्षं इथे राहतेय म्हणून लिहायचं धाडस करते. आधी तुमच्या तारखांचं बघा, बाकी सगळं नंतर. इथे मुलांना भेटी सांताक्लॉजपेक्षा जास्त 'रेयेस' आणतात, म्हणजे ते तीन राजे, ६ जानेवारीला. त्यामुळे ३, ४ आणि ५ तारखेला सगळं शहर शेवटच्या क्षणाची खरेदी करत असतं, आपली धनत्रयोदशीची संध्याकाळ आठवा. ५ ला संध्याकाळी राजांची मिरवणूक निघते, कास्तेयाना रस्त्यावरून सिबेलेस चौकापर्यंत, त्या भागातले रस्ते बंद, गोळ्या उधळतात, ती बघा, आईंना आवडेल. ६ ला सुट्टी, बहुतेक दुकानं बंद, त्या दिवशी खरेदीचं नावच काढू नका. आणि ७ ला 'रेबाखास' म्हणजे सेल! कायद्याने आता कधीही सेल लावता येतो आणि काही जण आधीच सुरू करतात, पण लोकांच्या डोक्यात ७ जानेवारीच बसलंय.

म्हणजे तुमचं टाइमटेबल आपोआपच झालं. ४ आणि ५ ला जी वस्तू सेलमध्ये कधीच येत नाही ती घ्या (खाण्याचं, जुन्या दुकानांमधलं), आणि कपडे, बूट, टीशर्ट ७ ला. ३ तारखेला प्रायमार्कच्या आसपासही फिरकू नका, आत शिरायला रांग असते.

उच्चाराचं एक. इथे झेड आणि कधीकधी सी चा उच्चार 'थ'. म्हणजे प्लाथा मायोर, प्रेथियादोस, लास रोथास. आणि झारा नाही, 'थारा'.

पेठकर
म्हणजे सेलच्या दिवशी आम्हाला थाऱ्यात थारा मिळणार नाही असंच ना. :)

टकमक
हाहाहा पेठकर!!
कोणीच रास्त्रो कसं लिहिलं नाही अजून? ४ तारीख रविवार आहे आणि तुम्ही सोलला आहात, म्हणजे हे सोडायचंच नाही. एल रास्त्रो हा दर रविवारी सकाळी ९ ते दुपारी ३ भरणारा बाजार, मेट्रो ला लातीना, पण तुम्ही चालतच जाल. रिबेरा दे कुर्तिदोरेस नावाच्या उताराच्या रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये हजाराच्या आसपास स्टॉल. कुर्तिदोरेस म्हणजे कातडी कमावणारे. वरच्या अंगाला कत्तलखाना होता, तिथून जनावरं ओढत खाली नेताना रक्ताचा माग रस्त्यावर पडायचा, तो माग म्हणजे 'रास्त्रो', असं सांगतात. नाव ऐकून घाबरू नका, आता तिथे स्कार्फ, पर्सेस, टीशर्ट असलं मिळतं.
पण गंमत मुख्य रस्त्यावर नाहीये. आत शिरा. सान कायेतानो गल्लीत चित्रंच चित्रं, लोक तिला चित्रकारांची गल्ली म्हणतात. अजून एक पाखरांची गल्ली, पूर्वी तिथे पक्षी विकायचे. खाली कँपिय्यो देल मुंदो नुएव्हो नावाचा चौक आहे तिथे म्हातारे आजोबा आणि शाळेतली पोरं फुटबॉलच्या चित्रांची अदलाबदल करत बसलेली असतात, हातात यादी, कुठला नंबर हवा कुठला जास्तीचा, एकदम सिरियस धंदा चालू. गालेरियास पिकेर म्हणून एक अँटिकवाल्या दुकानांचं आवार आहे, जुनी झुंबरं, घड्याळं. घ्यायचं काही नाही हो, बघायचं.

पेठकर
टकमक, मी जरा पाणी ओततो. मी पण २०१८ मध्ये अशाच कुणाच्या तरी कौतुकाने भारावून रास्त्रोला गेलो. मुख्य रस्त्यावर निम्मा माल तोच, जो फॅशन स्ट्रीटला मिळतो, हत्तीचे छाप असलेल्या पँटी, 'नमस्ते' लिहिलेल्या झोळ्या. म्हणजे ८००० किलोमीटर जाऊन आपलाच माल परत घ्यायचा. आणि अकराच्या सुमाराला इतकी गर्दी की तुळशीबाग ओस वाटावी. त्या गर्दीत माझं पाकीट गेलं. कळलं पण नाही. पुढच्या खिशात होतं, जीनच्या, मी स्वतःला हुशार समजत होतो. ६९ वर्षांच्या बाईंना घेऊन तिथे जाणं मला तरी पटत नाही.

टकमक
पाकीट गेलं हे वाईटच. पण अकराला कशाला गेलात, साडेनऊला जा, बारापर्यंत बाहेर पडा. पासपोर्ट हॉटेलवर, पैसे थोडेच, पर्स पोटावर. दादर स्टेशनवर आपण जसे चालतो तसंच चालायचं.

लावापिएसकर
दोघांचं बरोबर आहे. मी रास्त्रोच्या खालच्या अंगालाच राहते, पण मुख्य रस्त्यावर वर्षातून एकदाही जात नाही. पाहुणे आले की त्यांना सव्वानऊला रास्त्रोच्या वरच्या टोकाला, कास्कोर्रोच्या पुतळ्यापाशी आणते, आणि आडव्या गल्ल्यांतून फिरवते. भाव थोडाफार करता येतो, जुन्या वस्तूंवर, नव्या कपड्यांवर फारसा नाही, आणि आपल्यासारखा निम्म्यापासून सुरू केला तर माणूस तोंड फिरवतो. दहावीस टक्के, हसून.

शब्दखुळा
पुस्तकांचं कोणीच काही बोलेना म्हणून लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या. आतोचा स्टेशनकडून रेतिरो बागेकडे चढत जाणारा एक छोटा रस्ता आहे, क्वेस्ता दे मोयानो. तिथे १९२५ पासून जुन्या पुस्तकांची लाकडी खोपटी आहेत, तीसेक, एका रांगेत, निळसर करड्या रंगाची. एका बाजूला वनस्पती उद्यानाचं कुंपण. मला स्पॅनिश ओ की ठो येत नाही तरी दीड तास गेला, जुन्या नकाशांची पानं, पोस्टकार्डं, मुलांची चित्रांची पुस्तकं. अप्पा बळवंत चौकात गाईड न विकता नुसती जुनी पुस्तकं विकली असती तर कसं, तसं. छोट्या भेटींसाठी जुनी पोस्टकार्डं बेस्ट, वजन शून्य.
दुसरं, लावापिएस भागात सान फेर्नांदो मंडईत ला कास्केरिया नावाचा एक गाळा आहे, तिथे पुस्तकं किलोवर मिळतात. खरंच तराजूवर. कास्केरिया म्हणजे वजडी, कलेजी, मुंडी विकणाऱ्याचं दुकान. मंडईतल्या गाळ्याला हे नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.

मृण्मयी_७८
अरे वा, किती पटापट उत्तरं. सगळ्यांचे आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांनी पेठकरांचं ऐकून "मग नको" म्हणलं आणि पाच मिनिटांनी टकमक यांचं ऐकून "साडेनऊला जाऊया ना". तराजूवरची पुस्तकं ऐकून तर "आपली रद्दी नेऊ का" विचारत होत्या. पण त्यांचं 'खास काहीतरी' अजून ठरलेलं नाही. लावापिएसकर, जुनी दुकानं म्हणालात ती कुठली? आणि मुलगी म्हणते तिथल्या दुकानांमध्ये दुपारी झोपतात, हे खरं का :)

लावापिएसकर
झोपतात की नाही माहीत नाही, जेवतात नक्की. मोठी साखळी दुकानं दिवसभर उघडी आणि रविवारी पण, माद्रिदमध्ये २०१२ पासून वेळेचं बंधनच काढून टाकलंय. पण जुनी घरची दुकानं दुपारी दोन ते पाचच्या सुमारास बंद, रविवारी बंद, आणि बरीचशी शनिवारी दुपारनंतर पण. आपल्या पुण्याच्या लोकांना हे समजवावं लागत नाही, एक ते चार.
म्हणजे तुम्हाला या दुकानांसाठी सोमवार ५ ची सकाळ. मी सांगते तशा निघा, सगळं चालत, सोलपासून फार तर दहा-बारा मिनिटांच्या आत.

सोलच्याच चौकात कासा दे दिएगो. छत्र्या, पंखे, काठ्या. पंखा म्हणजे हाताचा, 'आबानिको'. आता जानेवारीत पंखा कशाला म्हणाल, पण इथे जूनमध्ये मेट्रोत सत्तर वर्षांची आजी आणि सतरा वर्षांची पोरगी दोघी फटाक्कन एका हाताने पंखा उघडतात तो आवाज माझ्यासाठी माद्रिदचा आवाज आहे. टुरिस्ट दुकानात दोन-तीन युरोला मिळतो तो बहुतेक चीनमधला छापील. इथे लाकडाचे, हाताने रंगवलेले पण आहेत, साधा घेतला तर परवडतो, वरचे बघूनच ठेवायचे. काउंटरपलीकडे उभे राहून एकेक उघडून दाखवतात, साडीच्या दुकानासारखं, फक्त गादी नाही. ते छत्र्या आणि पंखे दुरुस्त पण करून देतात, मागच्या बाजूला त्यांची वेगळी जागा आहे.

तिथून कानालेखास चौकात ला व्हियोलेता. १९१५ पासूनचं एवढुसं दुकान, खोलीभर. व्हायोलेट फुलाच्या आकाराच्या जांभळ्या गोळ्या, छोट्या डब्यात जांभळी रिबीन लावून देतात. तुमच्या १४ माणसांचा प्रश्न मी इथे सोडवला असता. वास थोडा अत्तरासारखा येतो, सगळ्यांना आवडतोच असं नाही, माझा नवरा म्हणतो साबण खाल्ल्यासारखं वाटतं. पण डबी ठेवतात लोक.

मग त्याच भागात ला क्रूथ गल्लीत कापास सेसेन्या, १९०१ पासून फक्त लोकरी कापा शिवतात, म्हणजे खांद्यावरून टाकायची ती लांब वर्तुळाकार शाल म्हणा. शेकडो युरोचा मामला, बजेट विसरा, पण काचेतून बघा.

आणि प्लाथा मायोरच्या खालच्या कमानीतून तोलेदो रस्त्यावर बाहेर पडलात की कासा एर्नान्थ. दोरखंड आणि तागाच्या तळव्याच्या कापडी चपला, 'आल्पारगातास'. उन्हाळ्यात फुटपाथवर रांग वळसा घालून जाते, जानेवारीत कुणी नसतं. साध्या जोड्या अजूनही स्वस्त आहेत. रंग सांगायचा, नंबर सांगायचा, मागच्या फळीवरून काढून देतात, कागदात गुंडाळून. एकच लक्षात ठेवा, तागाचा तळवा भिजला की खलास, म्हणजे पुण्यात जून ते सप्टेंबर कपाटात.

आईंसाठी अजून एक सुचवते. 'मांतोन दे मानिला'. रेशमी चौकोनी शाल, सगळीकडे भरतकाम, काठाला हातभर लांब गोंडे. नाव मनिलाचं, पण भरतकाम मूळ चीनमधलं, मनिलामार्गे जहाजाने मेक्सिको आणि तिथून स्पेनला यायचं. आपल्या मुंबईच्या पारशी बायकांचा गारा (भरतकामाची साडी) असतो ना, तोही चीनच्याच भरतकामातून आलेला. एकाच आईच्या दोन मुली, एक मुंबईला दिली एक माद्रिदला. हाताने भरलेला अस्सल फार महाग, पण मशीनचा बरा मिळतो, आणि रास्त्रोत जुने पण दिसतात, गोंडे तपासून घ्या.

चिंगी
लावापिएसकर, तुम्ही वेगळा लेखच लिहा ना!! +१०००

आकडेमोड
कराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. स्पेनमध्ये बहुतेक वस्तूंवर २१ टक्के आयव्हीए (आपल्या जीएसटीसारखा कर) असतो आणि तो किमतीत धरलेलाच असतो. युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्याला तो परत मिळतो, आणि २०१८ पासून कमीत कमी एवढ्याची खरेदी हवी अशी अट नाही, १५ युरोच्या वस्तूवरही मागता येतो. दुकानात पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून 'दिवा' चा फॉर्म मागायचा (ती त्यांची डिजिटल सिस्टीम, डीआयव्हीए). माद्रिदच्या बाराखास विमानतळावर त्याची मशीनं आहेत, बारकोड स्कॅन करायचा, हिरवं आलं की झालं, मग रिफंडवाल्यांच्या काउंटरवर. हे बॅग चेक-इन करायच्या आधी, कारण कधी कधी वस्तू दाखवा म्हणतात. दोहामार्गे जाताय म्हणजे बाराखासच तुमचा युनियनमधला शेवटचा विमानतळ, तिथेच करायचं.
आता गंमत. २१ टक्के परत मिळणार असं धरून लोक नाचतात. १२१ युरोच्या वस्तूत कर २१ युरो, म्हणजे दिलेल्या पैशाच्या १७ टक्क्यांच्या आसपास, त्यातून मधली कंपनी कमिशन कापते. बारा-तेरा टक्के हातात पडले तरी खूष राहा. आणि महत्त्वाचं, लेकीच्या नावावर बिल करू नका, ती तिथली रहिवासी आहे, तिला मिळणार नाही. बिल तुमच्या किंवा सासूबाईंच्या पासपोर्टवर.
माझा एका दुकानात (नाव नको) फॉर्म द्यायचा राहिला आणि विमानतळावर नुसती बिलं दाखवून काही उपयोग झाला नाही. फॉर्म हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मृण्मयी_७८
@आकडेमोड बापरे, पण पासपोर्ट हॉटेलवर ठेवा म्हणताहेत ना टकमक?

आकडेमोड
रास्त्रोच्या दिवशी हॉटेलवर, ७ तारखेला सोबत. रास्त्रोतला माणूस तुम्हाला कुठला फॉर्म देतोय.

खवय्या_खालापूर
आता खायचं. नीट वाचा, शाकाहारी लोक इथे फसतात.
१. केशर. ला मांचाचं केशर प्रसिद्ध, सीलबंद डबीवर 'आथाफ्रान दे ला मांचा' चा शिक्का बघून घ्या. त्याच फळीवर 'कोलोरांते' म्हणून पिवळ्या पुड्या असतात, स्वस्त, चित्र पाएय्याचं (त्यांचा पिवळा भात), लोक केशर समजून दहा-दहा उचलतात. तो नुसता खायचा रंग आहे! माझ्या मेहुण्याने तो आणला आणि आम्ही श्रीखंडात घातला. श्रीखंड हळदीच्या दुधासारखं दिसायला लागलं, वास शून्य.
२. पिमेंतोन दे ला व्हेरा. ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, छोट्या पत्र्याच्या डब्या, दिसायला झकास. 'दुल्थे' म्हणजे गोडसर आणि 'पिकांते' म्हणजे तिखट (त्यांच्या मते तिखट). बटाट्याच्या काचऱ्यांवर चिमूटभर टाका आणि मला दुवा द्या. पिठल्यावर पण. डबी सुपरमार्केटात घ्या, टुरिस्ट दुकानात तीच दुप्पट.
३. तुर्रोन. बदाम आणि मधाची वडी, आलिकांते म्हणजे कडक चिक्कीसारखी, खिखोना म्हणजे मऊ, तोंडात विरघळणारी. दोन्हीत अंड्याचा पांढरा भाग असतो, अंडं चालत नसेल तर नको.
४. पोल्व्होरोन आणि मांतेकादो, दिसायला नानकटाई, चवीला नानकटाई, नाताळात सगळीकडे ढीग. त्यात डुकराची चरबी असते! पाकिटावर 'मांतेका दे थेर्दो' लिहिलेलं असतं. ऑलिव्ह तेलातले पण मिळतात, वाचून घ्या. ऑफिसात वाटण्याआधी तर दोनदा वाचा.
५. मांचेगो चीज, अस्सल घ्याल तर त्यात बहुधा प्राण्याचं रेनेट (दूध साकळवायला वासरा-कोकराच्या पोटातून काढतात ते) असतं. मी खातो, तुम्ही ठरवा.
ऑलिव्ह तेल पत्र्याच्या डब्यातलं घ्या, काचेच्या बाटलीचा भरवसा नाही, आणि चेक-इनच्या बॅगेत.

सनस्क्रीनवाली
मृण्मयी, तुझ्या १४ जणांमध्ये बायका किती? हिरवा क्रॉस लावलेल्या फार्मसीत ईस्दिन आणि हेलिओकेअर, दोन्ही स्पॅनिश, इथल्यापेक्षा तिथे स्वस्त. प्रिमोर म्हणून कॉस्मेटिक्सची दुकानं आहेत सोलच्या आसपास, तिथेही बघ. आणि बजेट भेटींसाठी माझं गुपित: साबण. एनो दे प्राव्हिया नावाचा हिरवा साबण, स्पेनमधल्या प्रत्येकाच्या आजीच्या बाथरूममधला वास, आणि मागनो म्हणून काळाकुळकुळीत साबण. सुपरमार्केटात तीन-चारच्या पाकिटात मिळतात. आमच्या ऑफिसमध्ये काळ्या साबणावर जेवढी चर्चा झाली तेवढी चॉकलेटवर कधीच झाली नव्हती.

भटकंतीवाला
लास रोसास... बरं, लास रोथासचं काय ठरलं? तिथे सेल म्हणजे सेलवर सेल.

पेठकर
हलके घ्या, पण पाच दिवसांतला अर्धा दिवस बसमध्ये घालवून ज्या ब्रँडचं नाव आपल्याला उच्चारता येत नाही त्याची ६०० ची पर्स ३५० ला घ्यायची, यात बचत कुठे झाली ते मला अजून समजलेलं नाही.

भटकंतीवाला
२५० ची झाली की ओ!

लावापिएसकर
६०० युरो बजेट आहे त्यांचं, तुम्ही दोघं भांडताय कशाला :) ताई, बुटांसाठी लास रोथास नको, चुएका भागात आउगुस्तो फिगेरोआ नावाची गल्ली आहे, बुटांच्या दुकानांची, त्यात नमुन्याचे आणि मागच्या सीझनचे जोड कमी किमतीत मिळतात. बूट बहुतेक आलिकांते भागात बनतात, तिकडे एल्चे आणि एल्दाला बुटांचाच धंदा. तुमचा नंबर युरोपियन आकड्यात माहीत करून घ्या, ३८ की ३९. समोरच सान आंतोन मंडई, वर गच्चीवर बसायला जागा.
भाच्याचा टीशर्ट ग्रान व्हियावरच्या क्लबच्या दुकानात किंवा त्यांच्या बेर्नाबेऊ स्टेडियमला, मोठ्यांचा शंभरच्या वर जातो, मुलांचा कमी. फुटपाथवर चादर पसरून विकतात ते घेऊ नका. चादरीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या असतात, पोलीस दिसले की दोऱ्या ओढून गाठोडं खांद्यावर आणि पळाले. माल नकली, आणि भाच्याला शाळेत कळेल.

आणि हो, लेकीसाठी: लावापिएसमध्ये बांगलादेशी दुकानं आहेत, तूरडाळ, पोहे, आटा, हिंग सगळं मिळतं. ते तिकडून उचलून आणू नका, मेतकूट तेवढं आणा. ते मिळत नाही. (मला पण हवंय.)

मृण्मयी_७८
(१२ जानेवारी)
आलो परत! जेटलॅगमध्ये पहाटे साडेतीनला लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रास्त्रोला साडेनऊला गेलो. पाऊस. त्यामुळे गर्दी कमी, आणि स्टॉल पण कमी. चित्रांच्या गल्लीत एका माणसाने ताडपत्रीखाली उभं राहून सासूबाईंना पाऊण तास चित्रं दाखवली, त्या मराठीत बोलत होत्या, तो स्पॅनिशमध्ये, दोघांचं छान चाललं होतं, आम्ही दोघी पावसात. हातभर मोठ्या लिंबांचं एक चित्र घेतलं, ३० सांगितले, २५ ला दिलं. तिथेच वाऱ्याने सासूबाईंची छत्री उलटी झाली आणि दोन काड्या तुटल्या. ती छत्री १९९० च्या सुमाराची, सासऱ्यांनी घेतलेली, लांब दांड्याची, त्या विमानात पण हातात घेऊन आल्या होत्या. दिवसभर चेहरा उतरलेला.

५ ला सकाळी लावापिएसकर म्हणाल्या त्याच रस्त्याने निघालो. कासा दे दिएगोत मी पंखे बघत होते, साधे दोन घेतले, आणि मागे वळून बघते तर सासूबाईंनी छत्री काउंटरवर आडवी ठेवलेली. लेकीने बोलणं केलं. त्यांनी ती उघडली, दांडा बघितला, आपापसात काहीतरी बोलले, आणि मागच्या जागेचा पत्ता दिला, ७ ला मिळेल. त्यानंतर मांतोन, कापा, आल्पारगातास सगळं बघितलं, सासूबाईंना पसंत काहीच नाही. "छान आहे गं" म्हणायचं आणि पुढे. जांभळ्या गोळ्या मात्र १२ डब्या. चव खरंच साबणासारखी लागते, लावापिएसकर, तुमच्या यजमानांना सांगा.

५ संध्याकाळची मिरवणूक भयंकर गर्दी पण बघितली. एका बाईंनी छत्री उलटी धरून गोळ्या झेलल्या, ती आयडिया सासूबाईंना फार आवडली पण आमच्याकडे छत्री कुठे.

७ ला सेल. थाऱ्यात खरोखर थारा नव्हता, दहा मिनिटांत बाहेर. एक शर्ट घेतला तो घरी येऊन बघितला तर मेड इन इंडिया. आउगुस्तो फिगेरोआत बूट मिळाले, लाल, ९५ चे ५५, आणि दिवाचा फॉर्म भरून घेतला. विमानतळावर मशीन हिरवं झालं, आकडेमोड यांची आठवण काढली. भाच्याचा टीशर्ट, साबण २०, पिमेंतोन ८ डब्या, केशर एक (शिक्क्याचं). क्वेस्ता दे मोयानोला शेवटच्या सकाळी, पोस्टकार्डं घेतली, त्यातल्या एकावर मागे कुणीतरी १९३० सालचं काहीतरी लिहिलंय, लेक म्हणते "इथे थंडी आहे, शालू पाठव" असं काहीसं. शालू नसेल, तिने तसं भाषांतर केलं.

छत्री ७ ला संध्याकाळी मिळाली. दोन नव्या काड्या, टोकाची कॅप नवी, दांड्याला पॉलिश. सासूबाईंनी दुकानातच उघडून बघितली, बंद केली, परत उघडली. बाहेर पाऊस नव्हता तरी सोलपर्यंत उघडीच धरून चालत आल्या. मी म्हणलं, आई मग 'खास काहीतरी' राहिलंच तुमचं. तर म्हणाल्या, "लक्ष्मी रोडला देईल का कोण आता हे करून?"

लावापिएसकर
ताई, डब्यातलं मेतकूट संपत आलंय, त्यावरूनच तुमची आठवण काढत होते. आईंना नमस्कार सांगा.

खवय्या_खालापूर
पिमेंतोन ८ डब्या??? एक पाठवा. आणि छत्री दुरुस्तीला किती घेतले?

मृण्मयी_७८
त्यांनी स्वतःच्या पैशाने दिले, बिल पर्समध्ये ठेवलंय. विचारलं तर विषय बदलतात.